पथ्य एकट्याचे, पंगत साऱ्यांची

१९७२ च्या दुष्काळात रेशनवरची तांबडी मिलो आणि दुष्काळी कामांवरची सुकडी खाऊन ज्यांनी दिवस काढले, त्यांच्यापैकी अनेकांची मुले आणि नातवंडे आज अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील दवाखान्यांत वजनकाट्यावर उभी राहून डॉक्टरांची बोलणी खात आहेत. भुकेचा प्रश्न मिटला आणि त्याच्या जागी हा नवा आला, असे मात्र कोणी समजू नये. ज्या वस्तीत रक्तक्षयाने ग्रासलेली स्त्री आहे, त्याच वस्तीत, पुष्कळदा त्याच घरात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभा असलेला तिचा स्थूल नवरा आहे. उपासमार आणि अतिपोषण एकाच छपराखाली नांदत आहेत.

मुंबई महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार २०२१ मध्ये पाहणी केली, तेव्हा ४६ टक्के मुंबईकर जादा वजनाचे आढळले. रक्तदाब वाढलेल्यांचे प्रमाण ३४ टक्के, तर उपाशीपोटी रक्तशर्करा वाढलेल्यांचे १८ टक्के निघाले. पुरेशी फळे आणि भाज्या न खाणारे तब्बल ९४ टक्के होते. जवळजवळ अर्धे शहर ज्या व्याधीच्या वाटेवर आहे, तिला व्यक्तीच्या जिभेचा दोष म्हणून बाजूला सारता येत नाही. तरीही आपण नेमके तेच करीत आलो आहोत. बाळसे धरलेल्या मुलाचे कौतुक करायचे, सुटलेल्या पोटाकडे ‘खात्यापित्या घरचा’ म्हणून पाहायचे आणि तोच माणूस पन्नाशीच्या आत हृदयविकाराने कोसळला की ‘जिभेवर ताबा नव्हता’ म्हणून मोकळे व्हायचे, ही आपली रीत!

न दिसणारी चरबी

या प्रश्नाची एक बाजू तर डोळ्यांना दिसतही नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजन सांगणारा शरीरभार निर्देशांक दोघांचाही २२.३ होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पाश्चात्त्यांच्या मापाने सडपातळ ठरणारा भारतीय आतून स्थूल असू शकतो, हे या दोन आकड्यांनी जितके स्वच्छ सांगितले, तितके जाडजूड ग्रंथांनाही सांगता आले नसते. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा २५ ऐवजी २३ वर, आणि कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० व स्त्रियांना ८० सेंटिमीटर अशी तज्ज्ञांनी ठरविली. ही साधी मापे आपल्या किती घरांत ठाऊक आहेत?

वादातून निघालेला धडा

याच विषयावर मराठी घराघरांत काही वर्षांपूर्वी एक वाद रंगला होता. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन करणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी, कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांपासून प्रेरणा घेऊन, दिवसातून दोनच वेळा, तेही प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याचा प्रचार चालविला होता. उलट ऋजुता दिवेकर यांचे सांगणे, पारंपरिक आणि स्थानिक अन्न थोड्याथोड्या अंतराने खावे, असे होते. २०१८-१९ च्या सुमारास राज्य शासनाने लठ्ठपणाविरोधी मोहिमेसाठी डॉ. दीक्षितांना सदिच्छादूत नेमले, तेव्हा आहारतज्ज्ञांनी हरकत घेतली, आणि लोकलच्या डब्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत ‘तुम्ही दीक्षित की दिवेकर?’ असा प्रश्न विचारला जाऊ लागला.

दोहोंपैकी बरोबर कोण, याची चर्चा पुष्कळ झाली. खंडित उपवास आणि रोजचे मित आहार यांची तुलना करणाऱ्या चाचण्यांचा एकंदर कौल असा, की पोटात जाणारी ऊर्जा सारखीच घटली तर वजनही जवळजवळ सारखेच घटते. अर्थात खरा प्रश्न कोणते पथ्य हा नसून ते टिकते कसे, हा आहे. दीक्षितांच्या मागे हजारो माणसे का गेली? सल्ला फुकट होता, मराठीत होता, आणि मुख्य म्हणजे तो पाळणारे एकटे नव्हते. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गटांत ते एकमेकांना आपले वजन कळवीत, चुकलेल्याला सावरून घेत. हे बळ व्यावसायिक आहारतज्ज्ञांच्या खोलीत नव्हते. उलट, त्या खोलीत जे होते ते गटांत अपुरे होते. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने परस्पर एक जेवण वगळले, तर त्याची रक्तशर्करा धोकादायक रीतीने खाली येऊ शकते. गरोदर स्त्री, वाढीच्या वयातील मूल, मूत्रपिंडाचा रोगी यांना सरसकट एकच पथ्य सांगणे हा अपराध होय. ज्ञान एकीकडे आणि माणसे दुसरीकडे, अशी ही फारकत होती. ती मिटविणे हेच खरे काम आहे.

कागदावरचे पथ्य

बोरिवलीला राहून फोर्टात नोकरी करणाऱ्या कारकुनाचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. सकाळी घाईने चहा-बिस्किटे, गाडीत तासभर उभे राहणे, दिवसभर खुर्ची, संध्याकाळी भुकेच्या वेळी स्टेशनाबाहेरचा वडापाव, रात्री दहाला भरपेट जेवण आणि लगेच अंथरूण. अशा माणसाच्या हाती आहारतज्ज्ञ ओट्स आणि ऑलिव्ह तेलाचा छापील तक्ता ठेवतो, तेव्हा तो कागद घरी फ्रिजवर चिकटण्यापलीकडे काही साधत नाही. त्याच्या घरी स्वयंपाक करणारी स्त्री त्या खोलीत आलेलीच नसते. घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती घरातील फरसाण आणि दुपारचा नाश्ता, मराठी घरातील उपासाची साबुदाण्याची खिचडी, वेसाव्याच्या कोळीवाड्यातील मासळी-भात, हे सारे जाणल्यावाचून दिलेला सल्ला परका ठरतो. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हे आपल्या पूर्वजांनी उगीच म्हटले नव्हते; पण ते आहारतज्ज्ञाच्या तक्त्यात कोठेच नसते.

गरिबाचे गणित आणखी वेगळे. घाटकोपरच्या डोंगरावरील वस्तीत राहणाऱ्या मजुराला थोड्या पैशांत पोट भरायचे असते. ते पाव, बटाटा आणि तळण यांनी भरते, भाजी-फळांनी नाही. लठ्ठपणा हा केवळ श्रीमंतांचा रोग, ही समजूत आता सोडली पाहिजे.

शेजाराचे बळ आणि मर्यादा

पथ्य आणि व्यायाम यांनी मधुमेह रोखता येतो, हे चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासाने भारतीयांपुरते सिद्ध केले. उंबरठ्यावरच्या माणसांत मधुमेह होण्याचे प्रमाण नियमित सल्ल्याने २८.५ टक्क्यांनी घटले. अमेरिकेत असाच कार्यक्रम वाय. एम. सी. ए. च्या केंद्रांत, प्रशिक्षण घेतलेल्या सामान्य कार्यकर्त्यांनी गटागटाने राबविला, तेव्हाही वजने उतरली. तथापि केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील ६० वस्त्यांत शेजाऱ्यांच्याच गटांमार्फत झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फळे-भाज्या खाण्यासारख्या काही सवयी सुधारल्या, पण मधुमेहातील घट निर्विवाद म्हणण्याजोगी निघाली नाही. शेजार म्हणजे जादूची कांडी नव्हे, त्याला जाणकाराची सततची साथ हवी, असाच याचा अर्थ घ्यावा लागेल.

मग उपनगरांत काय करता येईल? पहिली गोष्ट, आहारतज्ज्ञाने रुग्णालयाबाहेर पडावे. कूपर, भगवती, राजावाडी यांसारख्या पालिका रुग्णालयांत त्यांचा पुष्कळसा वेळ दाखल रुग्णांच्या जेवणातच जातो. २०२२ च्या अखेरीस सुरू झालेल्या ‘आपला दवाखाना’ केंद्रांशी जोडून प्रत्येक प्रभागाला फिरता आहारतज्ज्ञ देणे अशक्य नाही. जुहूला एस. एन. डी. टी. विद्यापीठाचे गृहविज्ञान महाविद्यालय आहे; तेथील विद्यार्थिनींना वस्तीतील सहा महिन्यांचे काम अभ्यासक्रमाचा भाग म्हणून देता येईल. आणि नावापुढे ‘आहारतज्ज्ञ’ अशी पाटी लावण्याचा अधिकार कोणाला, हे २०२१ च्या कायद्याचा आधार घेऊन शासनाने एकदाचे निश्चित अमलात आणावे.

दुसरी गोष्ट वस्तीची. महिला मंडळ, भजनी मंडळ, गणेशोत्सव मंडळ, गृहनिर्माण सोसायटी या आपल्या जिवंत संस्था आहेत. महिन्यातून एकदा सोसायटीच्या कार्यालयात मापपट्टी आणि रक्तदाबाचे यंत्र ठेवावे. आकडा मात्र ज्याचा त्यालाच कळावा, चारचौघांत त्याचा पुकारा होऊ नये. लाजेने वजन उतरत नाही, माणूस मात्र येईनासा होतो. दुधाचा हिशेब जसा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहितात, तसा घरात आलेल्या तेलाचा आणि साखरेचाही लिहावा. ताटाचा निम्मा भाग भाजी-फळांनी भरावा, ही हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस हळदीकुंकवाच्या आणि महाप्रसादाच्या पानावर का उतरू नये? बचतगटांच्या पोळीभाजी केंद्रांना आहारतज्ज्ञाने मार्गदर्शन केले, तर स्टेशनाबाहेर वडापावला पर्याय उभा राहील. आणि पुनर्विकासात गाड्यांसाठी जागा राखणाऱ्या सोसायट्यांनी चालण्यासाठीही थोडी राखावी.

२०२५ मध्ये वजन उतरविणारी नवी इंजेक्शने भारतात आली. काही रुग्णांना ती वरदान ठरतील, यात शंका नाही. पण ती थांबताच बहुतेकांचे वजन पुन्हा चढते, आणि ज्या घरात ते चढते त्या घरातील कढई तीच असते. औषध एकाच्या अंगात जाते, अन्न मात्र सारे घर मिळून खाते. पंगत साऱ्यांची असताना पथ्य एकट्याने पाळायचे, हा अन्याय आहे आणि तो यशस्वीही होत नाही. दुष्काळात आपण एकमेकांना उपाशी राहू दिले नाही. सुकाळात एकमेकांना आजारी पडू न देणे हाही शेजारधर्मच होय.