मुंबई-लंडन ७,२०० किलोमीटर, पण चिखल्याहून निघायचं कधी?

चिखले (ता. डहाणू) : घरातलं कुणी शिकायला किंवा नोकरीला परदेशी निघालं की पहिला प्रश्न असतो, किती तास लागतात? मोबाईलवर पाहिलं तर मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर, नऊ-दहा तास असं उत्तर येतं. ते चूक नाही, पण ते विमानतळापासून विमानतळापर्यंतचं आहे. चिखल्याच्या घरापासूनचा हिशेब वेगळा, आणि तो चुकला तर विमान चुकतं.

अंतर कसं मोजतात?

एक गोल चिकू घ्या. त्यावर दोन ठिकाणी खूण करा आणि दोरा ताणून धरा. ती सगळ्यात जवळची वाट. पृथ्वीवरचं विमान-अंतर असंच मोजतात. भिंतीवरच्या सपाट नकाशात मात्र ही वाट उत्तरेकडे वाकलेली दिसते. विमान दरवेळी याच वाटेने जाईल असं नाही. एखाद्या देशाने आपली हवाई हद्द बंद केली तर वळसा घ्यावा लागतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हद्द बंद केली, तेव्हा पश्चिमेकडच्या बऱ्याच विमानांना असा वळसा पडला.

जाताना जास्त, येताना कमी

मोठं विमान ताशी ८५० ते ९०० किलोमीटरने उडतं. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो. त्यामुळे लंडनला जाताना वारा समोरून लागतो आणि वेळ वाढतो. येताना तोच वारा पाठीमागून ढकलतो, म्हणून बहुतेक वेळा तासभर तरी वाचतो.

तिकिटावरची वेळ नीट वाचा

तिकिटावर निघायची वेळ भारतातली आणि पोचायची वेळ तिकडची असते. समजा दुपारी १ वाजता निघून संध्याकाळी ६:३० ला लंडन लिहिलंय. साडेपाच तासांत पोचलो असं वाटेल. पण उन्हाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, म्हणजे प्रवास खरा दहा तासांचा. हिवाळ्यात हा फरक साडेपाच तासांचा होतो.

खरी गफलत तारखेत होते. तिकिटावर १५ तारीख, रात्री २:०५ असेल, तर घरातून १४ तारखेच्या संध्याकाळीच निघायला हवं. १५ च्या रात्री निघालात तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं.

घरापासूनचा हिशेब

चिखले ते मुंबई विमानतळ रस्त्याने सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. गाडीने तीन तास धरा, वरसावे पुलाजवळ कोंडी झाली तर आणखी. लोकलने जायचं तर डहाणू रोड ते अंधेरी सुमारे १०२ किलोमीटर, पुढे रिक्षा. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोचायला सांगतात. म्हणजे २:०५ च्या विमानासाठी आदल्या संध्याकाळी सात वाजता घर सोडलेलं बरं. तीन तास रस्ता, तीन तास विमानतळ, दहा तास हवेत, उतरल्यावर तपासणी आणि सामानाला दीड-दोन तास. झाले अठरा तास.

आपल्या मालालाही हाच हिशेब लागू आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि जून २०२१ मध्ये तो ब्रिटनला रवाना झाला. उतरवलेला चिकू साध्या हवेत पाच-सात दिवसांत पिकतो. हवेतले तास कमी करणं आपल्या हातात नाही, पण वाडीपासून विमानतळापर्यंतचे तास आहेत.