एक किलो कापूस, दोन किलो लोखंड आणि मोबाईलमधला मुनीम

एक मण कापूस जड की एक मण लोखंड? हे कोडे उर्दू शाळेत आमचे उस्ताद घालीत आणि 'लोखंड' म्हणणाऱ्याला सारा वर्ग हसे. आता लोक तेच कोडे मोबाईलवरील चॅटबॉटला घालतात. वजन सारखेच, कापूस फक्त जागा जास्त व्यापतो, असे तो चटकन सांगतो. बरोबर आहे. पण नोव्हेंबर 2022 मध्ये आलेले चॅटजीपीटी सुरुवातीच्या काळात 'एक किलो कापूस की दोन किलो लोखंड' या धाटणीच्या प्रश्नालाही अनेकदा 'दोन्ही सारखेच' म्हणे!

कारण या मुनिमाजवळ तराजू नाही. अफाट मजकुरावरून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द येतो, हे तो शिकलेला असतो. जुने कोडे त्या मजकुरात असंख्य वेळा आलेले, उत्तरही ठरलेले. आकडा बदलला तरी गाडी जुन्याच चाकोरीने गेली. नवे चॅटबॉट पायरीपायरीने हिशेब करतात, त्यामुळे या कोड्यात सहसा फसत नाहीत. मात्र ओळखीच्या प्रश्नाला थोडा पीळ दिला की अजूनही घसरू शकतात.

आष्टीच्या बाजारात आपण कापूस वजनावर घेतो, कापड मीटरवर विकतो. तेव्हा 'शंभर मीटर सुती कापड जड की शंभर मीटर पॉलिस्टर' हा प्रश्नही फसवाच. सुती तंतूची घनता दर घन सेंटीमीटरला सुमारे 1.54 ग्रॅम, पॉलिस्टरची 1.38. एवढ्यावरून 'सुती' असे उत्तर आले तर मानू नये. पन्हा आणि जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचे ग्रॅममधील वजन, कळल्याशिवाय याला उत्तरच नाही. 44 इंची पन्ह्याचे 120 जीएसएमचे सुती कापड शंभर मीटरला सुमारे 13.4 किलो भरेल. त्याच पन्ह्याचे पॉलिस्टर 150 जीएसएमचे असेल तर 16.8 किलो.

शिवाय कापूस हवेतील ओल पितो. अगदी कोरड्या रुईच्या वजनावर साडेआठ टक्के ओल व्यापारात धरतात, म्हणजे 100 किलोचे 108.5 किलो. पॉलिस्टरला ही भर अर्धा टक्काही नाही.

कुरआनातील एका सूरहचे नावच, अल-मुतफ्फिफीन, माप कमी देणाऱ्यांवरून आहे. 'मोबाईलने सांगितले' ही सबब आपल्याला कशी चालेल? विचारताना पन्हा, जीएसएम आणि ओल सांगावी, हिशेब मांडून मागावा आणि बिल करण्यापूर्वी एक तागा काट्यावर ठेवून पाहावा.