भेटकार्ड आणि फुकटची बादली

गणपती बोळवून दोन दिवस झाले होते. वर्गातल्या एका मावशींनी पदराच्या गाठीतून एक कार्ड काढून आमच्यापुढे ठेवले. रेशनकार्ड नव्हे, बँकेचेही नव्हे. लाल, गुळगुळीत, पत्त्याच्या पानाएवढे. मावशींचा मुलगा चाकणला कारखान्यात आहे. मागच्या दिवाळीला मालकाने कामगारांना मिठाईच्या ऐवजी हे कार्ड दिले. पोराने ते आईच्या हातात ठेवले. कार्डावर पणतीचे चित्र होते, म्हणून आईने ते देवाच्या तसबिरीमागे खोचले.

"परवा तसबीर पुसायला काढली, तर हे खाली पडलं," मावशी म्हणाल्या. "सगळं इंग्रजी आहे हो. पण आकडे लागले मला. हा बघा, दोनावर तीन शून्यं. दोन हजार. आणि मागं हे तीस, नऊ."

दोन हजार रुपये बरोबर होते. ती रक्कम. तीस, नऊ म्हणजे सप्टेंबरची तीस तारीख. त्या दिवशी फळ्यावर तारीख होती अठरा सप्टेंबर. मावशींनीच बोटांवर मोजले. बारा दिवस उरले होते. बारा दिवसांनी दोन हजारांचा तो नुसता लाल तुकडा राहणार होता.

अशी कार्डे आता खेड्यातही येऊ लागली आहेत. कुणाला कारखान्यातून मिळतात, कुणाला लग्नात पाकिटाऐवजी. म्हणून त्यांची माहिती आपण घेऊ.

भेटकार्ड म्हणजे आगाऊ पैसे भरल्याची चिठ्ठी. कुणीतरी दुकानात पैसे आधीच भरलेले असतात. कार्ड दाखवून आपण तेवढ्या रकमेचा माल आणायचा. पैसे कुणाचे? आपले. पण ते दुकानदाराच्या गल्ल्यात आहेत. माल घेईपर्यंत तो ते वापरतो आणि व्याज काही आपल्याला देत नाही. आणि आपण गेलोच नाही, तर? तर माल त्याचा आणि पैसेही त्याचेच. म्हणून भेटकार्ड जपून ठेवायची वस्तू नव्हे. ते दुधासारखे आहे. वेळेत वापरावे.

कार्ड दोन तऱ्हेचे असते. एक तऱ्हा एकाच दुकानात, किंवा त्या दुकानाच्या शाखांत चालणारी. त्याच्या अटी दुकान ठरवते. मावशींचे कार्ड ह्या जातीचे. दुसरी तऱ्हा बँकेने किंवा एखाद्या कंपनीने काढलेली, ती पुष्कळ दुकानांत चालते. तिच्यावर रिझर्व्ह बँकेचा अंमल असतो. २०२१ साली रिझर्व्ह बँकेने काढलेल्या नियमांप्रमाणे असे भेटकार्ड दहा हजार रुपयांपेक्षा मोठे काढता येत नाही, त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत, आणि त्यातून रोख रक्कमही निघत नाही. मुदत निदान एक वर्षाची द्यावी लागते. मुदत टळलीच, तर कार्ड काढणाऱ्याकडे मुदत वाढवून मागण्याची सोय त्या नियमांत आहे. मागितल्याशिवाय मात्र कुणी वाढवून देत नाही. दुकानाच्या स्वतःच्या कार्डाला हा आधार नाही. तिथे पाठीमागची तारीख हीच शेवटची समजावी.

इथे एक गोम आहे. मुदत मोजतात ती कार्ड निघाल्या दिवसापासून, आपल्या हाती पडल्या दिवसापासून नव्हे. मावशी म्हणत होत्या, "दिवाळीला दिलंय, म्हणजे ह्या दिवाळीपर्यंत चालंल की." पण कारखान्याने कार्डे ऑक्टोबर लागताच घेऊन ठेवली होती. वर्ष तेव्हापासून सुरू झाले. म्हणून कार्ड हाती येताच दोनच आकडे शोधावे, रक्कम आणि तारीख. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहावी. इंग्रजी येत नसले तरी एवढे जमते. मावशींना जमलेच ना?

आणखी एक. अशा कार्डावर बहुधा मालकाचे नाव नसते. ज्याच्या हाती कार्ड, त्याचे पैसे. मागे एक राखाडी पट्टी असते, ती खरवडली की खाली गुप्त आकडा दिसतो. ती पट्टी दुकानात पैसे देण्याच्या वेळीच खरवडावी. नवलाई म्हणून कार्डाचा फोटो काढून गावभर मोबाईलवर पाठवू नये. वरचा नंबर आणि हा आकडा कळला, की कार्ड आपल्या खिशात असूनही पैसे दुसराच खर्चून मोकळा होतो.

आता कार्डाची सख्खी भावंडे पाहू. दुकानात गेलो की पोरगा विचारतो, "मोबाईल नंबर सांगा, गुण जमा करतो." हे गुण म्हणजे काय? जेवढी खरेदी, तेवढे गुण. पुढे त्या गुणांवर बिलात सूट. ऐकायला गोड वाटते. पण आपण हिशेब करू.

समजा, शंभर रुपयांच्या खरेदीवर एक गुण आहे. एका गुणाची किंमत पंचवीस पैसे आहे. आपण हजार रुपयांचा माल घेतला. दहा गुण झाले. दहा गुणांचे किती? अडीच रुपये. आता तीच तूरडाळ आपल्या गावच्या वाण्याकडे किलोमागे चार रुपये स्वस्त असेल, तर दोन किलो डाळीतच आठ रुपये गेले. अडीच मिळवायला आठ घालवले. आणि ते अडीचही हाती नाहीत, वहीवर आहेत. त्यांनाही मुदत असते.

म्हणून दुकानात सरळ विचारावे, "एका गुणाचे किती पैसे? किती गुण झाले की वापरता येतात? कधी बुडतात?" लाजू नये. उत्तर देताना पोरगा अडखळला, तर ते गुण हिशेबात धरू नयेत. त्याच दुकानात आपले नेहमीचे जाणे असेल, भावही बरा असेल, तर गुण जरूर घ्यावे. आयते मिळतात, का सोडावे? पण गुणांसाठी दुकान बदलू नये.

दुकानदाराला हे परवडते कसे, असे वर्गात एकाने विचारले. प्रश्न चांगला आहे. एक तर गुण घेतलेले गिऱ्हाईक पुन्हा त्याच दारी येते. दुसरे, पुष्कळ लोक गुण जमवतात आणि विसरतात, तेवढे देणे आपोआप मिटते. तिसरे, मोबाईल नंबरामुळे कोण किती साबण नेतो, कुणाच्या घरी लहान मूल आहे, हे सारे त्याला कळते. मग नेमकी जाहिरात त्या घरी येते. ही युक्ती जुनीच आहे. अमेरिकेत १८९६ साली स्पेरी आणि हचिन्सन ह्यांनी हिरवी तिकिटे काढली. दुकानदार ती तिकिटे त्यांच्याकडून विकत घेई आणि गिऱ्हाइकाला मालाबरोबर देई. बायका ती वहीत चिकटवत. वह्या भरल्या की त्या देऊन घरात भांडी, दिवे यावेत. पण दुकानदाराने तिकिटांना मोजलेले पैसे तो भरून कुठून काढणार? मालाच्या भावातून किंवा वाढलेल्या विक्रीतून. पदरचे कुणी देत नाही.

फुकटच्या बादलीचेही तेच. धुण्याच्या पावडरीवर बादली फुकट, असा बाजारात पुकारा होतो. समजा, एक किलोचा पुडा एकशे दहा रुपयांना आहे. चार पुड्यांचे झाले चारशे चाळीस. बादलीसकट चार किलो पाचशे वीसला आहे. मग बादली ऐंशी रुपयांना पडली. हवी असेल तर घ्या, पण फुकट म्हणू नका. अशा वेळी पुड्यावर दोन गोष्टी वाचाव्या, वजन आणि छापील किंमत. त्या किमतीत सगळे कर आलेले असतात. त्यावर एक पैसाही जादा मागता येत नाही.

मग खरेदीवर मिळणारा लाभ कुठेच खरा नसतो का? असतो. त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

इंग्लंडात मँचेस्टरजवळ रॉचडेल नावाचे गाव आहे. तिथले विणकर गरीब होते. वाणी पिठात भेसळ करी, वजनात मारी, आणि उधारीमुळे त्याला सोडताही येत नसे. तेव्हा अठ्ठावीस जणांनी थोडे थोडे पैसे जमवले आणि १८४४ च्या डिसेंबरात स्वतःचेच दुकान काढले. माल काय? पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि थोड्या मेणबत्त्या. लोक हसले. पण वजन चोख, माल निर्भेळ. भाव बाजाराचाच ठेवला. मात्र नफा उरे तो कुणा एकाच्या घरी जाईना. ज्याने जेवढी खरेदी केली, त्याला तेवढ्या प्रमाणात तो वाटला जाई. हाही खरेदीवरचा लाभच. पण गुणांत आणि ह्यात फरक केवढा! इथे दुकान गिऱ्हाइकांचेच होते. हिशेबाची वही त्यांना पाहता येत होती. आपल्याकडे मुंबईत नायगावच्या कामगारांनी १९४८ साली सहकारी भांडार सुरू केले, तेच पुढे 'अपना बाजार' म्हणून नावारूपाला आले. आमचे मत विचाराल, तर दहा घरांनी मिळून घाऊक बाजारातून तेलाचे डबे आणि साखरेचे पोते आणावे. कोणत्याही गुणांपेक्षा त्यात जास्त वाचते. मात्र पैसे गोळा करणारा माणूस सरळ पाहिजे.

आता जरा सावध ऐका. पोस्टाने एक पाकीट येते. आत मोठ्या दुकानाच्या नावाचा कागद असतो, त्यावर खरवडायची पट्टी. खरवडावे तर गाडी लागलेली! किंवा दहा-बारा लाख रुपये. खाली फोन नंबर. फोन केला की पलीकडचा माणूस गोड बोलतो आणि म्हणतो, "आधी कराचे पाच हजार भरा." ते भरले की आणखी काहीतरी निघते. गाडी कधी येत नाही. बक्षीस घ्यायला आधी पैसे भरा म्हणणारा तो ठग समजावा. मोबाईलवरही हेच चालते. "तुम्हाला बक्षिसाचे पैसे पाठवतो, तुमचा पिन टाका," असे सांगतात. पिन टाकावा लागतो तो पैसे देण्यासाठी. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. ही एक गोष्ट घरातल्या म्हाताऱ्यांना आणि शाळेतल्या पोरांना पाठ करून ठेवायला सांगा.

फसगत झालीच, तर रडत बसू नये आणि लाजून लपवू तर नयेच. लगेच १९३० ह्या नंबरावर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. तासाभरात कळवले तर पैसे वाटेतच अडवता येण्याची आशा असते, दोन दिवसांनी ती फार थोडी राहते. आणि भांडण खऱ्या दुकानाशी असेल, म्हणजे कार्ड चालू असून माल देत नाहीत, छापील किमतीहून जास्त घेतात, तर नंबर वेगळा, १९१५. तो ग्राहकांसाठी आहे. बिल मात्र जपून ठेवलेले हवे.

मावशींचे काय झाले? दुसऱ्या दिवशी त्या सुनेला घेऊन जिल्ह्याच्या गावी गेल्या. तालुक्याला ते दुकान नाही. बायकांना एस. टी. चे तिकीट अर्धे, तरी दोघींचे जाऊन येऊन दीडशे गेले. ते त्यांनी आधीच वजा धरले होते. घरून यादी नेली होती. दसऱ्याला जे घ्यायचेच होते तेवढेच यादीत, तेल, चहापत्ती, दोन चादरी, नातीला फ्रॉक. यादी मावशींनी स्वतः लिहिली होती. 'चादरी' वरचा अनुस्वार चुकून पडला होता, तो काही आम्ही खोडला नाही.

दुकानात पोरगा म्हणाला, "मावशी, तीन हजारांची खरेदी करा, तीनशे सूट आहे." मावशी थबकल्या. मग सुनेला म्हणाल्या, "तीनशे वाचवायला पदरचे सातशे काढायचे. आहेत का आपल्याकडं सातशेची कामं?" नव्हती. पुढे सरकल्या.

बिल झाले एक हजार नऊशे सेहेचाळीस. कार्डात चौपन्न उरले. ते कार्डातच राहतील, तारखेच्या आत येऊन न्या, असे सांगितले गेले. चौपन्न रुपयांसाठी दीडशेची एस. टी. कोण करणार? सुनेने पळत जाऊन बासष्ट रुपयांचे साबण आणले. वरचे आठ रुपये मावशींनी रोख मोजून दिले, बिल घेतले आणि बेरीज तिथेच उभी राहून तपासली. मागची रांग कुरकुरली. बेरीज बरोबर होती.

कार्ड आता रिकामे आहे. नात ते घेऊन दुकान-दुकान खेळते.