मुक्तीनंतरचं बालपण : पेडणे आणि डिचोली

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, तेव्हा पाटी-पेन्सिल हातात धरणारी पोरं आज आजी-आजोबा झालीत. त्यांच्या आठवणी म्हणजे आपला चालताबोलता इतिहास!

🌿 १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि गावोगावी सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. कित्येक घरांत शाळेची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी.

🌿 १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. विलीनीकरणासाठी ‘फूल’, वेगळ्या गोव्यासाठी ‘दोन पानं’. या निशाण्या पोरांनाही पाठ होत्या.

🌿 डिचोलीत खनिजाच्या ट्रकांची तांबडी धूळ. तो माल पुढे बार्जींतून मांडवीमार्गे मुरगाव बंदरात जाई.

🌿 चवथीच्या माटोळीसाठी रानात भटकणं, पेडण्याची पुनव, रात्रभर जागवलेला दशावतार, शिरगावच्या लईराईच्या जत्रेत निखाऱ्यांवरून चालणारे धोंड.

पुस्तकांत तारखा मिळतात. त्या दिवसांचा वास आणि आवाज मात्र माणसांपाशीच असतो. आज घरातल्या ज्येष्ठांजवळ बसा, विचारा, लिहून ठेवा. तुमच्या गावची एक आठवण इथे नक्की सांगा. 🙏

#पेडणे #डिचोली #गोवामुक्ती