एका पायावर उभे राहून पाहा

आरशासमोर ताठ उभे राहा, दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवा आणि डावा पाय उचलून अर्धा मिनिट तसेच राहा. कमरेची डावी बाजू खाली झुकली का? झुकली, तर उजव्या नितंबाचा मधला स्नायू दुबळा असण्याचा संभव आहे. जर्मन शल्यवैद्य फ्रिड्रिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ मध्ये वर्णिलेली ही खूण डॉक्टर आजही तपासतात.

झुकते डावी बाजू आणि दोष उजवीकडे, हे कसे? येथे आपली तरफ उपयोगी पडते. उजव्या खुब्याचा सांधा हा टेकू. त्याच्या एका बाजूला धड आणि उचललेला पाय यांचे वजन. दुसऱ्या बाजूला कमरेच्या हाडापासून मांडीच्या हाडापर्यंत गेलेला हा स्नायू. तुमचे वजन ५० किलोग्रॅम असेल, तर आधाराचा पाय वगळून सुमारे ४२ किलोग्रॅम उरतात. त्यांची भुजा अदमासे १० सेंटिमीटर, स्नायूची मात्र ५. म्हणजे स्नायूला ४२ × १० ÷ ५ = ८४ किलोग्रॅम भाराइतके ओढावे लागते! सांध्यावर दोन्हींची बेरीज पडते, १२६. (स्नायू तिरका असतो, म्हणून हे गणित ढोबळ समजा.) चालताना प्रत्येक पावलाला हेच घडते.

खुर्चीवर बसलात की धडाचे वजन बैठकीच्या हाडांवरून थेट खुर्चीवर जाते. तरफच उरत नाही, मग स्नायू ओढील कशाला? बसणे हा काही रोग नव्हे. पण न वापरलेला स्नायू हळूहळू क्षीण होतो. वर्ग, शिकवणी, अभ्यास आणि मोबाईल यांचे तास एकदा मोजाच.

उपाय साधा आहे. कुशीवर निजा आणि गुडघा सरळ ठेवून वरचा पाय सावकाश उचला. जड वाटला तर गुडघा वाकवा: भुजा आखूड होते, काम हलके होते. नितंबाच्या मोठ्या स्नायूसाठी तुमच्या परिचयाचे सेतुबंधासन उत्तम. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जातंतू स्नायूला अधिक चांगले कामाला लावतात म्हणून. स्नायू जाड व्हायला त्याहून वेळ लागतो. तेव्हा फीत घेऊन मोजायची घाई नको. दुखत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवावे.

आता आजोबांची काठी. उजवा खुबा दुखतो म्हणून पुष्कळजण ती उजव्याच हातात धरतात. ती डाव्या हातात द्या. टेकूपासून काठी सुमारे ४० सेंटिमीटर दूर जाते. तिच्यावर अवघा ५ किलोग्रॅम भार दिला, तरी ४२० मधून २०० वजा होतात आणि स्नायूला ८४ ऐवजी ४४ किलोग्रॅम भारच ओढावा लागतो.