झोळीतली इंग्रजी

महाराष्ट्र सरकारच्या निर्णयानुसार २००० साली मराठी शाळांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी दाखल झाली. परंतु ज्या सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा शेजारी शेजारी नांदतात, तेथील बालक भाषा व्याकरणाच्या नियमांनी नव्हे, तर खेळता खेळताच आत्मसात करते, हे येथील गल्ल्यांनी केव्हाच सिद्ध केले आहे.

म्हणून इंग्रजीही खेळातूनच शिकवावी. जुन्या सोलापुरी चादरीची एक झोळी शिवावी, तीत लिंबू, चमचा, चिंचोका, कुलूप अशा पाच-सहाच जिनसा टाकाव्यात आणि मुलाने आत न पाहता, केवळ स्पर्शाने, 'इट इज राउंड', 'इट इज कोल्ड' असे सांगत वस्तू ओळखावी. बोटे चाचपडत असताना शब्द आपसूक ओठांवर येतो आणि चुकण्याची भीती हास्यात विरून जाते. उच्चारासाठी अंगणात खडूने दोन घरे आखावीत, 'पेन' ऐकताच एकात आणि 'पॅन' ऐकताच दुसऱ्यात उडी मारावयास सांगावे, म्हणजे कानांची परीक्षा पायांनी होते.

सोलापूर जिल्ह्याच्याच माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे तत्कालीन शिक्षक आणि २०२० सालच्या ग्लोबल टीचर प्राइझचे मानकरी रणजितसिंह डिसले यांनी कन्नडभाषक विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके त्यांच्या मातृभाषेत आणली, ही गोष्ट येथे मननीय आहे. तेव्हा खेळाचे नियम प्रथम घरच्या बोलीतच समजावून द्यावेत.

आपल्या वर्गात कोणता खेळ रंगतो, ते अवश्य कळवावे.