दुसरी तबकडी

१९७७ सालच्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये एका जुन्या भारतीय तबकडीची शोधाशोध चालू होती. व्हॉयेजर नावाची दोन यानं सूर्यमालेच्या पलीकडे निघायची होती आणि पृथ्वीची ओळख म्हणून त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी बसवायची होती. कार्ल सेगन यांच्या समितीला भारतीय संगीतातलं काय घ्यावं हे रॉबर्ट ब्राऊन या संगीताभ्यासकाने सांगितलं होतं: केसरबाई केरकरांची भैरवी, ‘जात कहाँ हो’. पण ही ध्वनिमुद्रिका बाजारातून कधीच नाहीशी झाली होती. अखेर समितीतल्या अ‍ॅन ड्रुयन यांना ती लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर, एका भारतीय कुटुंबाच्या घरगुती उपकरणांच्या दुकानात सापडली. कापड टाकलेल्या टेबलाखाली धूळ खात पडलेलं एक खोकं, आणि त्यात न फोडलेल्या तीन प्रती. ड्रुयन यांनी तिन्ही मागितल्या तेव्हा दुकानदार मंडळींना मोठं नवल वाटलं. एकाच गाण्याच्या तीन तबकड्या हिला कशाला हव्यात? पहिलं यान २० ऑगस्टला उडालं, दुसरं ५ सप्टेंबरला. फोंडा तालुक्यातल्या केरी गावात जन्मलेल्या केसरबाई १६ सप्टेंबर १९७७ रोजी निवर्तल्या.

ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो आणि तिथेच थांबतो. ऐनवेळी सुचत जाणाऱ्या संगीताचा संग्रह कसा करावा, त्याची शिफारस कशी करावी, याचाही तो एक धडा आहे. त्या साडेतीन मिनिटांमागे तिघं उभी आहेत: गाणारी, नेमकं नाव सुचवणारा जाणकार, आणि न खपलेलं खोकं फेकून न देणारा दुकानदार. तरीही एक उणीव राहतेच. ही तबकडी कधी कुणाच्या हाती लागलीच, तर त्याला वाटेल की भैरवी म्हणजे हीच, एवढीच, अशीच. दुसऱ्या रात्री केसरबाईंनी हीच चीज वेगळ्या वाटेने नेली असती हे त्याला कळायला मार्ग नाही. आणि ख्यालगायकीचं मर्म नेमकं त्या दुसऱ्या वाटेत आहे. म्हणून माझं म्हणणं असं: उपजेच्या संगीतात एकटी तबकडी अर्धीच साक्ष देते. संग्रह करावा तो आवृत्त्यांचा, आणि शिफारस करावी ती जोडीची.

हे आपल्यापुरतंच खरं आहे असं नाही. जॅझमध्येही धून ठरलेली असते आणि वादक तिच्यावर ऐनवेळी इमारत चढवतो. १९६० च्या डिसेंबरात ऑर्नेट कोलमनने दोन चौकड्या एकाच वेळी वाजवायला बसवल्या आणि सुमारे ३७ मिनिटांचं सलग वादन मुद्रित केलं. ‘फ्री जॅझ’ या त्या तबकडीच्या नावानेच पुढे सगळा पंथ ओळखला गेला. त्याच वर्षी लंडनमध्ये जमैकात जन्मलेला सॅक्सोफोनवादक जो हॅरियट स्वतंत्रपणे याच दिशेने निघाला होता. या मंडळींनी धूनच नव्हे, तर स्वरसंगतीचा आणि लयीचा ठरलेला आराखडाही सैल केला. आपल्याकडे उपज कितीही मोकळी झाली तरी राग आणि ताल यांची चौकट मोडत नाही. हा फरक मोठा आहे आणि तो विसरून दोन्ही एकच म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पण संग्राहकापुढचा पेच दोन्हीकडे तोच: जे पुन्हा तसंच घडणार नाही, ते पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या वस्तूत बंद झालं आहे.

या पेचातून वाट कशी निघते याचं स्वच्छ उदाहरण जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या ‘इंडिया’ या रचनेचं आहे. नोव्हेंबर १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या छोट्या क्लबात त्याने ती वेगवेगळ्या रात्री वाजवली आणि मुद्रणयंत्र चालू होतं. १९६३ साली तिची एक आवृत्ती बाजारात आली आणि श्रोत्यांच्या लेखी तीच ‘इंडिया’ ठरली. १९९७ मध्ये त्या मुक्कामातलं सगळं ध्वनिमुद्रण एकत्र निघालं, तेव्हा चार रात्रींच्या चार ‘इंडिया’ शेजारी शेजारी ऐकता आल्या. चारही ऐकल्यावरच कळतं की पायाचा धरून ठेवलेला स्वर आणि लहानसा मुखडा एवढंच पक्कं होतं. कोल्ट्रेन कुठे सुरुवात करतो, एरिक डॉल्फीचं बास क्लॅरिनेट कुठून शिरतं, किती वेळ रेंगाळतं, हे त्या त्या रात्रीने ठरवलं. पहिल्या आवृत्तीने आपल्याला रचना दिली, दुसरीने कल्पकता दाखवली.

आपल्या घराण्यांच्या इतिहासात हाच न्याय आपण नकळत लावत आलो आहोत. जयपूर-अत्रौली गायकीचे प्रवर्तक अल्लादियाखाँ १९४६ मध्ये गेले आणि त्यांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका मागे उरली नाही. मग त्यांचं गाणं आपल्याला कळतं कसं? केसरबाई आणि मोगूबाई कुर्डीकर या त्यांच्या शिष्या. मल्लिकार्जुन मन्सूर हे त्यांच्या मुलांकडे, मंजीखाँ आणि भूर्जीखाँ यांच्याकडे शिकलेले. या तिघांच्या तबकड्या आलटून पालटून ऐकल्या की जे तिघांत समान ते गुरुघरचं आणि जे वेगळं ते ज्याचं त्याचं, असा अंदाज बांधता येतो. अडचणही ध्यानात घ्यायला हवी. लाखेच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानने गायलं तेव्हापासून पुढची पन्नासेक वर्षं आपल्या गवयांनी तासाभराचा राग या चिमटीत बसवला. ती कला थोर आहे. पण ती अत्तराची कला आहे, बागेची नव्हे. बाग पाहायची तर त्याच गायकाचं खासगी मैफलीतलं, कुणीतरी स्पूलवर धरून ठेवलेलं तासाभराचं मुद्रण शोधावं लागतं.

जिथे दुसरी तबकडी नव्हती तिथे काय हरवलं, याचा पुरावा मुंबईतच आहे. १९३० च्या दशकापासून ताजमहाल हॉटेलात अमेरिकन आणि गोव्याचे वादक जॅझ वाजवत होते. नरेश फर्नांडिस यांच्या २०१२ सालच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या पुस्तकात तो इतिहास तपशिलाने आला आहे. हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, हा त्यातला नामांकित ट्रंपेटवादक. तो बहुतेकांना ठाऊक आहे तो सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’मुळे, म्हणजे १९५१ सालच्या चित्रपटगीतांच्या बेतलेल्या चौकटीत. हॉटेलातल्या रात्री रंगात आल्यावर तो मोकळेपणी काय वाजवत असे, ते जवळपास सगळं हवेत विरलं. मुंबईत जन्मलेला गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा लंडनला गेला, तिथे १९६९ मध्ये याच जो हॅरियटबरोबर त्याने ‘हम दोनो’ ही तबकडी केली, म्हणून त्याची बोटं आज ऐकू येतात. तीही कित्येक दशकं पुन्हा निघाली नाही. ज्यांनी जपली त्यांच्या कपाटांत ती टिकली.

यावर पहिला आक्षेप तत्त्वाचा आहे. जे क्षणात जन्मलं त्याला क्षणातच मरू द्यावं, मुद्रण हे त्याचं कलेवर आहे, असं म्हणणारे थोडेथोडके नाहीत. उत्स्फूर्त वादनाचं ध्वनिमुद्रण मुळात पोकळ असतं, असं इंग्रज संगीतकार कॉर्नेलियस कार्ड्यूने १९७१ मध्ये लिहून ठेवलं. एरिक डॉल्फी तर म्हणाला होता की संगीत ऐकून झालं की ते हवेत जातं, पुन्हा हाती लागत नाही. गंमत अशी की त्याचे हे शब्द आपल्यापर्यंत पोचले ते ‘लास्ट डेट’ या तबकडीच्या शेवटी त्याच्याच आवाजात मुद्रित झाले म्हणून. ते वादन २ जून १९६४ चं आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला तो वारला. तरी आक्षेपात तथ्य आहे. वर्ध्याच्या लोकांना ते वेगळं सांगायला नको. १९३८ पासून तिथे ग्रामोद्योगांचं मगन संग्रहालय उभं आहे आणि काचेआडचा चरखा पाहून सूत कातता येत नाही हे तिथल्या शाळकरी पोरालाही कळतं. पण एकाच्या शेजारी दुसऱ्या घडणीचा चरखा ठेवला, की कातणाऱ्याने काय बदललं आणि का, हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात उभा राहतो. एकच मुद्रण पाठ केलेला श्रोता मैफलीत जाऊन ‘तबकडीसारखं झालं नाही’ म्हणून हिरमुसतो. तीन मुद्रणं ऐकलेला श्रोता चौथ्याची वाट पाहतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा: आता सगळं इंटरनेटवर आहे, मग घरात खोकी कशाला? ध्वनी पुष्कळ आहे हे मान्य, पण नोंद नाही. वर्ष नाही, गाव नाही, तबल्यावर कोण आणि पेटीवर कोण याचा पत्ता नाही. कधी राग चुकलेला, कधी गायकच दुसरा. नोंदीवाचून तुलना होत नाही आणि तुलनेवाचून माझा सगळा युक्तिवाद कोसळतो. म्हणूनच १९९० मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचं काम मोलाचं. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तबकड्या जमवल्याच, शिवाय ‘द रेकॉर्ड न्यूज’मधून त्यांच्या याद्या आणि इतिहास छापला. मायकेल किनियर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने भारतातल्या सुरुवातीच्या मुद्रणांची क्रमांकवार सूची केली, तीही याच जातीची. तबकडीच्या मधल्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेला बारीक मुद्रण-क्रमांक वाचायला भिंग लागतं, पण मुद्रण कधीचं याचा माग तिथूनच निघतो.

तिसरा आक्षेप नवख्या श्रोत्याच्या वतीने येतो. त्याला एक उत्तम तबकडी सांगा, चार कशाला त्याच्या माथी मारता? मला वाटतं, ‘सर्वोत्तम’ची शिफारसच त्याला बिचकवते. एक भव्य वस्तू समोर ठेवली की तो मान डोलावतो किंवा कंटाळतो; दोन ठेवल्या की त्याला काम मिळतं. किशोरी आमोणकरांची ‘सहेला रे’ ही भूपाची बंदिश बहुतेकांच्या कानात तबकडीवरून बसलेली आहे. तिच्याजोडीला त्यांच्याच मैफलीतला भूप द्यावा. अब्दुल करीमखाँची तीन मिनिटांची झिंझोटी, ‘पिया बिन नाही आवत चैन’, दिली तर तीच चीज किराणा घराण्याच्या पुढच्या पिढीने सावकाश फुलवलेली द्यावी. जॅझ कधी न ऐकलेल्याला ‘इंडिया’च्या दोन रात्री द्याव्यात. काय शोधायचं हे एका ओळीत सांगावं, कोणती चांगली ते सांगू नये.

चौथा आक्षेप हक्काचा आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. आपल्या कायद्याने ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. जुन्या लाखेच्या तबकड्या त्यातून बऱ्याचशा मोकळ्या झाल्या आहेत, जरी शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा मोजावा लागतो. खासगी मैफलीचं तसं नाही. कलाकाराने घरच्या बैठकीत विश्वासाने गायलेलं त्याच्या किंवा वारसांच्या संमतीवाचून जगजाहीर करणं हा संग्रह नव्हे, आगाऊपणा आहे. जपणं आणि पसरवणं या दोन गोष्टी आहेत. आज जपावं, नोंद करावी, जाणत्याला बोलावून ऐकवावं. पसरवायचं की नाही ते हक्कदाराने ठरवावं.

हे सगळं मुंबई-न्यूयॉर्कचं, बोरगाव मेघेला त्याचं काय, असं कुणी विचारेल. वर्धा शहराला लागून वाढलेल्या या वस्तीत संगीताचा अभिलेखागार नसेल, पण घरं आहेत आणि घरांत माळे आहेत. खडी गंमत आणि दंडार हे विदर्भाचे ऐनवेळच्या सुचण्यावर चालणारे खेळ. खंजिरीच्या भजनात बुवा ओळ कशी वळवील हे टाळकऱ्यालाही आधी ठाऊक नसतं. कॅसेटच्या काळात हे सारं घरच्या टेपरेकॉर्डरवर उतरवलं गेलं, आणि त्याची कंपनीने काढलेली आवृत्ती बहुधा नाहीच. माळ्यावरच्या पत्र्याखाली मे महिन्यातलं ऊन या फिती फार वर्षं सोसणार नाहीत. तेव्हा या दिवाळीच्या झाडलोटीत एवढं करा. कॅसेट सापडली तर मागच्या कडेचे प्लॅस्टिकचे दोन कान आधी मोडा, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरं काही भरलं जाणार नाही. तबकड्या असतील तर थप्पी न लावता उभ्या ठेवा. घरातलं सर्वांत वडील माणूस जवळ असतानाच कागद घ्या आणि पाच गोष्टी लिहा: कोण गातंय, साथीला कोण, गाव कोणतं, साल कोणतं, निमित्त काय. आणि त्याच गायकाची, त्याच भजनाची दुसरी कॅसेट निघाली, तर ‘हे तर आहेच आपल्याकडे’ म्हणून ती भंगारात घालू नका.